रेंटन: जगज्जेत्यांच्या गावात

पहिला दिवस, शुक्रवार

मँचेस्टरहून सकाळची गाडी पकडली आणि दुपारी ग्लासगो सेंट्रलला उतरलो, सोबत मेव्हणा, त्याला फुटबॉलचं फार काही नाही पण स्कॉटलंड बघायचं होतं म्हणून आला. बॅग हॉटेलवर टाकली आणि लगेच लोकलने माउंट फ्लोरिडाला, कारण हॅम्पडेन पार्क या स्कॉटलंडच्या राष्ट्रीय स्टेडियममधलं फुटबॉल म्युझियम संध्याकाळी बंद होतं आणि मला स्कॉटिश कप बघायचाच होता.

आधी सांगतो मी हे सगळं का करत होतो. ग्लासगोपासून वीसेक मैलांवर रेंटन नावाचं एक छोटं गाव आहे, आज वस्ती दोन-अडीच हजाराच्या आसपास. या गावाच्या क्लबने १८८८ साली इंग्लंडच्या कप विजेत्यांना हरवलं आणि स्वतःला 'चॅम्पियन्स ऑफ द वर्ल्ड' म्हणवून घेतलं, आणि त्या काळी या दोन देशांच्या बाहेर त्या तोडीचा क्लब फुटबॉल होताच कुठे, त्यामुळे मी तरी ते खरंच मानतो. पुढे १९२२ ला तो क्लब बंद पडला. मी कोल्हापूरचा, आमच्याकडे पेठेपेठेचा, तालमीचा फुटबॉल, शाहू स्टेडियमवर मॅच असली की अख्खी पेठ दुकानं अर्धी लावून जाते, त्यामुळे एका गावाची टीम जगात भारी होती हे वाचलं तेव्हापासून डोक्यात होतं की तिथे जायचं, आणि बघायचं की अशी टीम मरते कशी.

तर कप. काचेमागे आहे, चांदीचा, १८७३ चा, आणि फुटबॉलमधली जगातली सगळ्यात जुनी राष्ट्रीय ट्रॉफी हीच, कारण इंग्लंडचा एफए कप स्पर्धा म्हणून जुना असला तरी त्यांचा मूळ कप १८९५ मध्ये बर्मिंगहॅमच्या एका दुकानातून चोरीला गेला तो गेलाच. मी बराच वेळ उभा होतो तिथे. हाच कप रेंटनने दोनदा नेला, १८८५ ला आणि १८८८ ला, आणि फायनलला तर पाचदा गेले. १८८८ ची फायनल कॅम्बसलँगविरुद्ध ६-१ जिंकली, इतक्या फरकाने फायनल नंतर फक्त सेल्टिकने १९७२ मध्ये जिंकली, तीही ६-१ च. म्हणजे आजही तो रेकॉर्ड कुणी मोडलेला नाही, बरोबरी झालीय फक्त.

म्युझियममधून निघालो आणि चालत कॅथकिन पार्कला गेलो. हे ठिकाण फुटबॉलवाल्यांनी चुकवू नये. आत्ताचं हॅम्पडेन हे तिसरं हॅम्पडेन, आणि कॅथकिन म्हणजे दुसरं हॅम्पडेन, १८८४ ते १९०३, नंतर तिथे थर्ड लानार्क हा क्लब आला आणि तोही १९६७ ला मेला. आता ती सार्वजनिक बाग आहे, कुत्री फिरवणारे लोक, मधोमध मैदान, आणि तिन्ही बाजूंनी थर्ड लानार्कच्या वेळच्या प्रेक्षकांच्या सिमेंटच्या पायऱ्या, त्यांच्यात झाडं उगवलेली, काही झाडं तर आता चांगली दांडगी, आणि लाल रंगवलेले लोखंडी कठडे अजून उभे.

१९ मे १८८८ ला याच जागेवर रेंटन विरुद्ध वेस्ट ब्रॉमविच अल्बियन. वेस्ट ब्रॉमने त्याच सीझनला प्रेस्टनला २-१ हरवून एफए कप घेतलेला, रेंटनने स्कॉटिश कप, आणि मॅचला नाव दिलेलं युनायटेड किंगडम आणि जगाची चॅम्पियनशिप. ढगांचा गडगडाट, मुसळधार पाऊस, मैदानात चिखल, आणि त्यात रेंटन ४-१. आम्ही गेलो तेव्हा पाऊस नव्हता पण ढग होते, मी पायऱ्यांवर वर जाऊन बसलो आणि मेव्हणा खाली पेनल्टी स्पॉटवर उभा राहून म्हणाला, "भावोजी, इथंच का?" म्हटलं इथंच.

दुसरा दिवस, शनिवार

क्वीन स्ट्रीट स्टेशनच्या खालच्या प्लॅटफॉर्मवरून बॅलखची गाडी पकडायची, क्लाइड नदीच्या कडेकडेने जाते, डंबार्टनचा खडक दिसला की डावीकडे बघत बसायचं, मग डॅलरीख आणि मग रेंटन. पाऊण तास लागतो. स्टेशन अगदी साधं. आमच्याबरोबर दोन शाळकरी पोरं उतरली आणि एक आजी.

गावातून एक मुख्य रस्ता जातो, बाकी सगळं त्याच्या दोन्ही बाजूंना, पश्चिमेला टेकड्या आणि पूर्वेला लीव्हन नदी. आधी नदीवर गेलो, कारण क्लबची गोष्ट नदीपासूनच सुरू होते. लॉख लोमंड या मोठ्या तळ्यातून निघते, पाच-सहा मैल वाहते आणि डंबार्टनला क्लाइडला मिळते. पाणी जोरात पळतं, स्वच्छ आणि मऊ पाणी, म्हणून अठराव्या शतकापासून इथे कापड धुवायचे, ब्लीच करायचे, रंगवायचे आणि छापायचे कारखाने आले. रेंटनला दोन मोठे, कॉर्डेल आणि डॅलहर्न, दोन्ही विल्यम स्टर्लिंग अँड सन्सचे. आणि इथला माल म्हणजे टर्की रेड. भडक, न उतरणारा लाल रंग, सुती कापडावर. मंजिष्ठेचं मूळ, तुरटी, खवट झालेलं ऑलिव्हचं तेल, मेंढ्यांच्या लेंड्या, असं कायकाय एकामागून एक टप्प्याने कापडात मुरवायचं, मधे मधे धुवायचं आणि वाळवायचं, आठवडेच्या आठवडे. १८६९ नंतर मंजिष्ठेच्या जागी कारखान्यात बनवलेलं अलिझरिन आलं. वास काय असेल विचार करा, आणि हे काम करणारी पोरं शनिवारी दुपारी सुटली की फुटबॉल.

आता यातली आपली बाजू ऐका. हे लाल कापड सगळ्यात जास्त कुठे जायचं, तर हिंदुस्थानात, मुंबई आणि कलकत्ता बंदरात. मोरांची नक्षी, बांधणीची नक्कल, कोयऱ्या, मुद्दाम आपल्या बाजारासाठी छापलेले नमुने, आणि गठ्ठ्यावर चिकटवायला रंगीत तिकिटं, त्यावर देवादिकांची चित्रं. या कारखान्यांच्या नमुन्यांच्या सुमारे दोनशे वह्या एडिंबराच्या नॅशनल म्युझियमकडे आहेत. म्हणजे रेंटनच्या पोरांची मजुरी काही अंशी आपल्या आज्या-पणज्यांच्या पैशातून निघत होती, आणि तेच कापड मुंबईच्या बाजारात ढिगाने उतरत असताना आपल्याकडचे आल नावाच्या झाडाच्या मुळापासून लाल रंग काढणारे रंगारी कामाला मुकत होते. हे दोन्ही एकदम खरं आहे, आणि नदीकाठी उभं राहून मला त्या पोरांचा राग काही आला नाही, ती पोरंही रोजाचीच.

कारखाने आता नाहीत. १८९८ मध्ये या खोऱ्यातल्या मोठ्या कंपन्या एकत्र होऊन युनायटेड टर्की रेड कंपनी झाली आणि ती १९६० च्या सुमारास संपली. नदीकाठाने सायकलचा रस्ता आहे, त्यावरून चालत गेलो, बदकं होती आणि एक जण गळ टाकून बसलेला.

फुटबॉल इथे कसा आला तेही छान आहे. या खोऱ्यात आधी शिंटी खेळायचे, हॉकीसारखा काठीचा राकट खेळ. १८७२ मध्ये ग्लासगोच्या क्वीन्स पार्क क्लबची माणसं इथे येऊन फुटबॉल कसा खेळतात ते दाखवून गेली, आणि बघता बघता तीन क्लब उभे राहिले, अलेक्झांड्रियाला वेल ऑफ लीव्हन, रेंटनला रेंटन आणि खाली डंबार्टन. पुढच्याच वर्षी स्कॉटिश कप सुरू झाला आणि १८ ऑक्टोबर १८७३ ला त्या कपची जी पहिली मॅच झाली ती किल्मार्नॉक विरुद्ध रेंटन, आणि जिंकलं रेंटन. मग वेल ऑफ लीव्हनने १८७७, ७८, ७९ असा सलग तीनदा कप नेला, १८८३ ला डंबार्टनने, १८८५ ला रेंटनने, आणि त्या १८८५ च्या फायनलला समोर कोण तर शेजारचं वेल ऑफ लीव्हनच. पहिली मॅच ०-० आणि दुसरी ३-१. एका नदीच्या पाच-सहा मैलांत तीन कप विजेते क्लब.

नंतर मैदान शोधायला निघालो. टाँटाइन पार्क, १८७८ पासून क्लबचं मैदान. तिथे आता घरं आहेत. साधी, नीटनेटकी घरं, दारात गाड्या, एका अंगणात ट्रँपोलिन आणि दोरीवर कपडे. जगज्जेते झाल्यावर या मैदानाच्या पॅव्हेलियनवर 'चॅम्पियन्स ऑफ द वर्ल्ड' अशी पाटी लावलेली होती. मी फोन बाहेर काढला आणि परत ठेवला, लोकांच्या घरांचे काय फोटो काढायचे. एक आजोबा कुत्रं घेऊन चालले होते, आम्हाला घुटमळताना बघून थांबले, काय शोधताय विचारलं. सांगितलं. त्यांनी पायाने फुटपाथवर टकटक केलं आणि म्हणाले, उभे आहात तिथेच. मग दहा मिनिटं बोलले, त्यांच्या ॲक्सेंटमधलं निम्मं मला समजलं पण एवढं कळलं की त्यांच्या आजोबांनी इथे मॅचेस पाहिलेल्या आणि घरी त्या टीमची नावं पाठ होती सगळ्यांना.

तिथूनच आण्णांना फोन लावला. आण्णा म्हणजे वडील, तरुणपणी पेठेच्या टीममधून सेंटर हाफला खेळायचे.

"वस्ती किती रं गावची?"

"दोन-अडीच हजार. तेव्हा जास्त होती थोडी."

"आणि इंग्लंडला हानलं?"

"चार-एक."

"खायला काय घालत हुते त्यांना?"

हा प्रश्न आण्णाच विचारू शकतात, आणि त्याला उत्तर आहे. रेंटनच्या खेळाडूंचा 'चिकन ब्री' नावाचा खुराक होता, ब्री म्हणजे तिकडच्या बोलीत रस्सा, पण सांगतात की त्यात पोर्ट वाइन आणि फेटलेलं कच्चं अंडं असायचं. बाकीच्या टीम मॅचच्या आदल्या रात्री पबमध्ये असायच्या तेव्हा ही पोरं शिस्तीत तयारी करायची म्हणून त्या खुराकाचा बोलबाला. आण्णा म्हणाले दूध-बदाम बरं.

खुराक असो नसो, खेळ भारी होता हे नक्की. केल्सो, केली आणि मॅककेक्नी ही हाफबॅकची लाइन, मधला जेम्स केली. तेव्हाचा सेंटर हाफ म्हणजे आजच्यासारखा मागे उभा राहून बॉल उडवणारा नाही, पुढे घुसून अख्खी टीम चालवणारा, आणि केली त्यात सगळ्यात पुढचा. १८८६-८७ ला हे लोक इंग्लंडच्या एफए कपात खेळले, ॲक्रिंग्टनला हरवलं, मग लागोपाठ तीन वर्षं कप जिंकलेल्या ब्लॅकबर्न रोव्हर्सशी २-२ आणि रिप्लेमध्ये २-० ने त्यांना बाहेर काढलं, शेवटी प्रेस्टनने थांबवलं. पुढच्या वर्षापासून स्कॉटिश असोसिएशनने आपल्या क्लबना एफए कप खेळायला बंदीच केली.

आणि मग १९ मे ची ती मॅच, आणि त्यानंतर बरोब्बर नऊ दिवसांनी, २८ मे १८८८ ला, ग्लासगोमध्ये सेल्टिक नावाच्या नव्या क्लबने आपली पहिली मॅच खेळली. त्यात जेम्स केली होता. सेल्टिकच्या इतिहासातला पहिला गोल मारला नील मॅककॅलमने, तोही रेंटनचाच. नऊ दिवस! वरच्या रस्त्याने स्टेशनकडे परतताना माझ्या डोक्यात तेवढंच चालू होतं, की जगज्जेतेपदाच्या कपावर धूळही बसायच्या आत टीम फुटायला लागलेली.

तिसरा दिवस, रविवार

रविवारी परत तीच गाडी पण शेवटपर्यंत, बॅलख. मेव्हण्याला लॉख लोमंड बघायचं होतं, बघितलं, सुंदर आहे, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. बोटीतून आल्यावर आम्ही नदीकाठाने चालत अलेक्झांड्रियाला आलो आणि तिथून पुन्हा रेंटनला, कारण आदल्या दिवशी स्मॉलेटचा खांब नीट बघायचा राहिला होता. टोबायस स्मॉलेट, अठराव्या शतकातला मोठा कादंबरीकार, जन्म इथलाच, डॅलहर्नचा, १७२१. शाळेजवळ त्याच्या नावाचा उंच दगडी खांब आहे, १७७४ चा. ॲलेक्स जॅक्सनही याच गावात जन्मला, १९०५ ला, त्याने १९२८ मध्ये वेम्बलीवर इंग्लंडविरुद्ध हॅट्ट्रिक मारली, स्कॉटलंड ५-१. पण तो मोठा झाला तोवर गावचा क्लब उरला नव्हता, डंबार्टन, ॲबरडीन, हडर्सफील्ड, चेल्सी असा बाहेरच खेळला.

खांबाजवळच्या बाकावर डबा खाल्ला, आणि मेव्हण्याने विचारलं की मग बंद कसा पडला, पोरं फुटली एवढंच? त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो.

इंग्लंडमध्ये १८८५ पासून खेळाडूला पैसे देणं कायदेशीर होतं. स्कॉटलंडमध्ये १८९३ पर्यंत नाही. म्हणजे मधली आठ वर्षं रंगाच्या हौदावर काम करणाऱ्या पोराला प्रेस्टन, एव्हर्टन, ब्लॅकबर्नवाले रोख आठवड्याचा पगार देऊ करत होते आणि रेंटन उघडपणे काहीच देऊ शकत नव्हतं. बॉब केल्सो गेला, अँड्र्यू हॅना एव्हर्टनला गेला आणि १८९१ ला त्यांचा लीग जिंकणारा कॅप्टन झाला, पुढे लिव्हरपूलचाही कॅप्टन. रेंटनचा कॅप्टन आर्ची मॅककॉल गावातच राहिला. गेलेल्यांना मी नावं ठेवणार नाही, घर चालवायचं होतं.

पण माझ्या मते मुख्य गोष्ट वेगळी आहे आणि ती मला फार लागते. १८९० च्या मार्चमध्ये रेंटनचा सेक्रेटरी पीटर फेअरली याने चौदा क्लबना पत्रं लिहिली, की इंग्लंडसारखी आपणही लीग काढू, ग्लासगोत बसून बोलू. म्हणजे स्कॉटिश लीगचं निमंत्रण गेलं ते याच गावातून. २० मार्चला मीटिंग झाली, क्वीन्स पार्क आणि क्लाइड सोडून सगळे आले, आणि त्याच वर्षी अकरा क्लबची लीग सुरू झाली. क्वीन्स पार्कला वाटत होतं की लीग आली की छोटे क्लब मरतील. आणि लीगमध्ये ठरलेल्या तारखांना, ठरलेल्या मॅचेस, दर शनिवारी गेटवर पैसे जमले पाहिजेत. ग्लासगोच्या क्लबकडे अख्खं शहर, रेंटनकडे एक रस्ता.

त्यातून पहिल्याच सीझनला घात झाला. एडिंबराच्या सेंट बर्नार्ड्स क्लबवर लपूनछपून खेळाडूला पैसे दिल्याबद्दल बंदी होती. सप्टेंबर १८९० मध्ये 'एडिंबरा सेंट्स' नावाची टीम टाँटाइन पार्कवर येऊन रेंटनशी खेळली, आणि असोसिएशनने ठरवलं की हे सेंट बर्नार्ड्सच, नाव बदलून आलेत. रेंटनलाही बंदी. लीगच्या फक्त ५ मॅच झालेल्या, त्या रेकॉर्डमधून पुसल्या. जी लीग यांनी बोलावली तिच्या पहिल्या टेबलमध्ये यांचं नाव नाही! रेंटनने हार मानली नाही, थेट कोर्टात गेले, जिंकले, आणि १८९१-९२ ला परत आले, पण एक वर्ष गेलं ते गेलं, आणखी माणसं गेली. १८९३-९४ ला तळाला जाऊन दुसऱ्या डिव्हिजनला आले. तिथे तर एकदा लीगची डंडी वाँडरर्सविरुद्धची मॅच सोडून क्वीन्स पार्कशी फ्रेंडली खेळले, कारण तिथे गेट जास्त, यावरून हालत समजा.

आणि तरी त्याच १८९४-९५ ला, दुसऱ्या डिव्हिजनमधून, पुन्हा स्कॉटिश कपची फायनल गाठली. समोर कोण? सेंट बर्नार्ड्स. ज्यांच्याशी खेळले म्हणून हाकलले गेले तेच. २-१ हरले. मेव्हणा हे ऐकून सँडविच हातात धरून बसला आणि म्हणाला असं नको होतं व्हायला.

१८९७ ला चार मॅच खेळून लीगमधून राजीनामा, त्यांची जागा हॅमिल्टनला दिली. त्यानंतर छोट्या स्पर्धांमधून पंचवीस वर्षं कसाबसा क्लब जगला, १९२२ ला संपला. ही मधली पंचवीस वर्षं कुणी फारशी सांगत नाही पण मला तीच जास्त महत्त्वाची वाटतात, कारण आता ना कप ना लीग, तरी गावातल्या माणसांनी दर वर्षी टीम उभी केली, महायुद्धानंतरही केली.

संध्याकाळी डंबार्टनला उतरून खडकाखालचं त्यांचं स्टेडियम बाहेरून बघितलं. तिघांपैकी हा एक क्लब अखंड चालू आहे, वेल ऑफ लीव्हन मधे बंद पडून नंतर नव्याने उभा राहिला.

चौथा दिवस, सोमवार

परतीची गाडी दुपारची होती म्हणून सकाळी ग्लासफर्ड स्ट्रीटला गेलो, सेंट्रलपासून दहा-पंधरा मिनिटं चालत. १८९० ची ती मीटिंग याच रस्त्यावरच्या होल्टन्स हॉटेलात झाली. सोमवारची गर्दी, बस, कॉफीचे कप घेऊन पळणारी ऑफिसची माणसं. एका कडेला उभा राहून मेव्हण्याला अकरा नावं म्हणून दाखवली. ॲबरकॉर्न, कॅम्बसलँग, काउलेअर्स, रेंटन, थर्ड लानार्क, हे गेले. वेल ऑफ लीव्हन गेला आणि पुन्हा आला. सेल्टिक, रेंजर्स, हार्ट्स, सेंट मिरन, डंबार्टन हे आहेत. आणि जो मीटिंगलाच आला नाही तो क्वीन्स पार्कही आहे, २०१९ पर्यंत तर खेळाडूंना पगार न देता टिकला.

गाडीत बसल्यावर आण्णांना कॅथकिनच्या पायऱ्यांचा फोटो पाठवला, खाली लिहिलं रेंटन ४, वेस्ट ब्रॉम १. त्यांनी तो बहुतेक जुन्या खेळाडूंच्या ग्रुपवर टाकला असणार, कारण दहा मिनिटांत त्यांचा फोन आला, मागे चारपाच म्हाताऱ्यांचा गलका.

"अरं, हे इचारत्यात, सेंटर हाफ कोण हुता म्हणलास?"

"केली, आण्णा. जेम्स केली."

"केली," त्यांनी मागे वळून मोठ्याने सांगितलं.